सातात दोन फितूर

आधी एवढंच सांगते की त्या दिवशी नांदेडला माझा सेमिनार होता आणि तो पडला. एम.टेक., अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटर सायन्स, तिसरं सत्र. विषय 'बायझंटाईन सरदारांचा प्रश्न'. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी बारा स्लाइड होईस्तोवर मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. तेराव्या स्लाइडला म्हणाले, "रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण द्या." मी छताकडे पाहिलं. छताला पंखा होता, तोही बंद होता. "थँक यू," सर म्हणाले. झालं.

परतीची रेल्वे चुकली म्हणून परभणीची एसटी धरली. खिडकीची जागा मिळाली होती. शेजारी एक आजोबा आले, धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "माय, जरा सरक, मला खिडकी लागती, नाईतर उलटी व्हती." या वाक्यापुढे कुणाचं काय चालणार? सरकले.

आजोबांनी कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं. वय शहात्तर, प्रवास फुकट. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली तेव्हापासून आपण घरी फक्त झोपायला जातो, असं त्यांनीच सांगितलं. मी २०२३ पासूनचं बायकांचं अर्धं तिकीट काढलं, तर मागून एक जण "बायकांचीच मजा हाय" असं खिडकीबाहेरच्या उसाला उद्देशून म्हणाला. ऊस काही बोलला नाही.

"कुठली तू?"

"परभणी."

"मंग काय! जगात जर्मनी..."

"...भारतात परभणी," मी म्हणाले. ही म्हण पूर्ण केल्याशिवाय मराठवाड्यात परभणीच्या माणसाला कुणी सोडत नाही. माझी एक मैत्रीण मास्टर्सला खरोखरच्या जर्मनीत गेली. मी म्हणीच्या दुसऱ्या अर्ध्यात राहिले. गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, थोडक्यात हुकलं. गेट काढणाऱ्याला महिन्याला १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. न काढणाऱ्याला तेच शिक्षण स्वतःच्या पैशाने, म्हणजे बापाच्या सोयाबीनच्या पैशाने घ्यावं लागतं. आणि सोयाबीनच्या भावाबद्दल मी इथे बोलायला लागले तर मूळ विषय राहूनच जाईल.

"काय शिकायलीस?"

इथे शहाण्या मुलीने "कॉम्प्युटर" म्हणून डोळे मिटले असते. पण सकाळचा अपमान पोटात ढवळत होता. मी सगळं सांगितलं. १९८२ साली लॅमपोर्ट, शोस्टाक आणि पीझ या तिघांनी एक प्रश्न मांडला. एका शहराला वेढा पडलाय. चहूबाजूंनी सरदार आपापल्या फौजा घेऊन बसलेत. हल्ला करायचा तर सगळ्यांनी मिळून, नाहीतर सगळ्यांनी माघार. बोलणं फक्त निरोप्यांमार्फत. आणि सरदारांत काही फितूर आहेत.

"शहर कोणतं?"

"कोणतंच नाही. काल्पनिक आहे."

"मंग भांडायलेत कशापाई?"

"बाबा, सरदार म्हणजे कॉम्प्युटर. एखादा बिघडून प्रत्येकाला वेगवेगळं सांगायला लागला, तरी बाकीच्यांचं एकमत कसं व्हावं, हा प्रश्न आहे."

"निरोप कोण नेतंय?"

"निरोप्या."

"त्याला पैसे चारले तर?"

"निरोप्या प्रामाणिक आहे असं धरायचं असतं."

आजोबा इतके हसले की पुढच्या सीटवरचं लेकरू दचकून उठलं. "धरायचं असतं म्हनं! आगं, इथंच चुकलं तुमचं!"

त्यांची चंची निघाली. पान, कात, सुपारी, आणि चुन्याची डबी खिशातून, मोबाईलच्या शेजारून. पानाला चुना लावता लावता त्यांनी विचारलं, "सरदार किती, फितूर किती?"

"तीन असले आणि एक फितूर, तर सुटत नाही. चार लागतात."

"लागनारच की. आता बघ. मी, तू अन् हा कंडक्टर. कंडक्टर मला म्हणतो, 'चला लढू.' मी तुला इचारतो, तर तू म्हणतीस, 'मला तर त्यानं पळा म्हनून सांगितलं.' आता खोटारडा कोण, तू का कंडक्टर? मला कसं कळावं? चौथा पायजे इचारायला."

मी बघतच राहिले. शोधनिबंधातली सिद्धता हीच आहे, फक्त कंडक्टर नाही तिच्यात. सकाळी हीच मांडायला मला चार स्लाइड लागल्या होत्या, दोन बाणांच्या.

"अन् दोन फितूर असले तर?" मीच विचारलं. परीक्षा आता कोण कुणाची घेत होतं, काय माहीत.

"आमच्या पंचायतीत सात मेंबर. सातात दोघं फितले तरी निभतं. तिसरा फितला की मंग चौथा कोणाचा, ह्येच कळत नाई. चाळीस वर्सं उपसरपंच मीच बसवायलो, मला इचार."

फितुरांच्या तिप्पट अधिक एक इतके सरदार लागतात, हा निबंधातला नियम. तीन गुणिले दोन, अधिक एक. सात. मला घाम फुटला; वसमत यायचं होतं, उन्हाचाही असेल.

पण आजोबांना आता गती आली होती. निवडीच्या आठ दिवस आधी मेंबरांना जीपमध्ये घालून तिरुपतीला कसं न्यायचं, मोबाईल काढून कसे घ्यायचे, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. एका वर्षी एका मेंबरचा फोन बंद लागला. "आता आला का प्रश्न? मानूस फितला, का मेला, का नुसता डोंगरात रेंज नाई? तिघांचा आवाज येकच, 'स्विच ऑफ.'" हा प्रश्न १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी गणिताने मांडला. निरोपाला किती वेळ लागावा याची हमी नसेल, तर एकच यंत्र बंद पडण्याची शक्यता असली तरी एकमताची खात्री देणारी ठाम रीत असू शकत नाही, असं त्यांनी सिद्ध केलं. मी आजोबांना हे सांगितलं नाही. कारण त्यांनी पुढे विचारलं असतं, "मंग त्यांनी काय केलं?" आणि आजोबांनी काय केलं होतं तर त्या मेंबरच्या सासऱ्याला फोन.

"त्यापरीस सोपं सांगू? आधीच सह्या घेऊन ठेवायच्या. सही असली की कोणी म्हनू शकत नाई, मी असं नव्हतो म्हनलो."

हेही निबंधात आहे. निरोपावर बनावट करता न येणारी सही असली, तर तिघांतही भागतं. ती स्लाइड माझी पंधरावी होती. सरांनी तेरावीलाच थँक यू म्हटलं होतं.

तर मला राग नेमका कशाचा आला? आजोबांचा नाही. सगळा खटाटोप मी कुणासाठी करते, याचा. आमच्या वर्गात पाच जण. त्यातले दोघं फक्त परीक्षेला उगवतात, म्हणजे पाचात दोन, शास्त्राच्या मर्यादेबाहेर. लॅबच्या यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या मेल्यात. लाइट गेली की सगळी यंत्रं एकदम माघार घेतात; तेवढं एकमत मात्र बघण्यासारखं असतं. एआयचं मॉडेल शिकवायला मी रात्री दोनला उठून फुकटच्या कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या गूगलच्या कॉम्प्युटरवर, बसते. ते चार तास चालतं आणि तुटतं, पुन्हा पहिल्यापासून. घरी आई म्हणते, "एवढं शिकून शेजारच्यांचा टीव्ही लागत नाही तुला."

तेवढ्यात आजोबांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "शिकायलीस नव्हं? बघ बरं. पलीकडचा बोललेला ऐकूच येईना."

मी आवाज वाढवला. बंद करून चालू केला. ब्लूटूथ पाहिलं. सेटिंगमध्ये शिरून शुभ सकाळच्या हजारभर गुलाबफुलांनी भरलेली जागा मोकळी केली. दोनदा फोन लावून पाहिला. नाही म्हणजे नाही. आजूबाजूचे चौघे वाकून बघायला लागले. "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल," मी म्हणाले, जसं डॉक्टर 'व्हायरल' म्हणतात.

मागच्या सीटवरच्या मावशींनी हात पुढे केला. त्यांच्या बांगडीत तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. त्यातली एक काढली, फोनच्या वरच्या फटीत फिरवली, फुंकर मारली. पांढरी भुकटी उडाली. चुना. फोन कानाला लावून आजोबा ओरडले, "हां! हां! आता येयला! खडखडीत येयला!" अर्धी बस हसली. मावशींनी पिन पुन्हा बांगडीत अडकवली आणि झोपल्या.

आजोबा झिरो फाट्याला उतरले. आम्ही कॉम्प्युटरवाले मोजायला शून्यापासून सुरुवात करतो, माझं त्या दिवशी तिथं आटोपलं. कंडक्टर सुट्ट्या पैशावरून कुणाशी तरी भांडत होता, म्हणून गाडी उभीच राहिली. खाली आजोबांची पिशवी घ्यायला एक जण आला होता. माझ्याकडे मान करून त्याने विचारलं, "कोन हाय?"

"परभनीची हाय. मोबाईलचं शिकायली नांदेडला. पहिलंच वरीस असंल."

खिडकी आता माझी होती. तिच्यातून डोकं काढून मी सांगणारच होते की दुसरं वर्ष आहे, पण ड्रायव्हरने गाडी काढली.