धुपदाळला बसनेच का जावं: निपाणीच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकजवळच्या धुपदाळच्या पक्षी अभयारण्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही डिसेंबरात घरच्यांना घेऊन बसने गेलात आणि नाराज होऊन परत आलात, तेवढं सगळं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोकाकचा धबधबा कोरडा होता, पोहोचेपर्यंत अकरा वाजले आणि पक्षी तर पहाटे बघायचे असतात, तिथं गाइड नाही, कसली सोय नाही, कार असती तर अर्ध्या दिवसात सगळं उरकलं असतं, आणि बायकांना तिकीट फुकट म्हणून मी बसचं कौतुक करते. एकेक घेते, पण तुमच्या क्रमाने नाही.

धबधब्याचं पहिलं, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. घटप्रभा नदीचं पाणी वर हिडकलला अडवलेलं आहे, 51 टीएमसीचं (म्हणजे 51 अब्ज घनफूट पाण्याचं) धरण आहे ते. तिथून सोडलेलं पाणी खाली धुपदाळच्या जुन्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यात येतं आणि तिथून डाव्या कालव्याला वळतं, पार मुधोळ-जमखंडीकडच्या शेतांना. गोकाकचा धबधबा या बंधाऱ्याच्या खाली. म्हणजे पाऊस संपला की नदीचं पाणी कालव्याला जातं आणि 170 फूट उंचीच्या त्या कड्यावर नुसता खडक उरतो. पण त्याच अडवलेल्या पाण्यामुळं धुपदाळला ऐन थंडीत उथळ पाणी, चिखलाच्या कडा, मध्ये मध्ये बेटं असं सगळं राहतं आणि पक्षी येतात ते त्याच्यासाठीच. डिसेंबरात तुम्हाला धबधबा कोरडा दिसला आणि पक्षी दिसले, दोन्हीचं कारण एकच बंधारा. धबधबा बघायचा तर जुलै ते सप्टेंबर, पक्षी बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एका फेरीत दोन्ही जमत नाही आणि लेखात मी पक्ष्यांसाठीच जा म्हटलं होतं.

आता पहाटेचं. जंगलातल्या लहान पक्ष्यांसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण धुपदाळची मुख्य मंडळी म्हणजे कांड्या करकोचे, मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे. ते सकाळी शेतात असतात, कापणी झालेल्या रानात दाणे टिपत फिरतात आणि ऊन चढलं की पाणी प्यायला, विसावायला जलाशयावर येतात. म्हणजे अकरा ते दोन ही वेळ त्यांच्यासाठी चांगलीच, आणि बेळगावची सकाळची गोकाक गाडी धरली की बरोबर त्याच वेळेला माणूस तिथं पोहोचतो.

आणि दादा, तुम्ही लिहिलंय "करकोचे बिरकोचे काही नाहीत, पलीकडच्या काठाला राखाडी रंगाचे मोठे बगळे घोळक्याने उभे होते, माना काळ्या होत्या". अहो, तेच ते! राखी बगळा बहुतेक एकटा एकटा उभा असतो आणि त्याची मान पांढुरकी असते. राखाडी अंग, गळ्यापासून छातीपर्यंत काळा पट्टा, डोळ्यामागं पांढऱ्या पिसांचा झुबका आणि एवढ्या मोठ्या घोळक्याने, म्हणजे माझ्या मते कांड्या करकोचेच. तुम्ही जे बघायला गेला होता ते बघून आलात, हे वाचून मला किती बरं वाटलं काय सांगू. फोटो असतील तर झूम करून झुबका दिसतो का तेवढं बघा आणि कळवा.

यातूनच गाइडचं उत्तर येतं. गाइड नाही हे खरं, पण तयारी करून गेलं की अडत नाही. मर्लिन नावाचं फुकट अॅप आहे, त्यातला भारताचा पॅक घरी वायफायवर डाउनलोड करून घ्यायचा, तिथं नेट नसलं तरी चालतं. 8×42 ची दुर्बीण एक घरात असली तर दोन पोरं आलटून पालटून बघतात. पांढरा करकोचा, चित्रबलाक, चक्रवाक, शेकाट्या, नदी सुरय एवढे पाच फोटोत आधी ओळखून गेलं तरी दिवस भरून जातो. पाणी आणि डबा घरून, टोपी पाहिजेच, स्वच्छतागृह म्हणाल तर गोकाकच्या स्टँडवरच जाऊन घ्या, पुढच्या सोयीवर विसंबू नका. तुमच्या वहिनींची गैरसोय झाली ते वाचून वाईट वाटलं आणि वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर सरळ गाडी करा, तिथं माझा बसचा अजिबात आग्रह नाही.

पण धडधाकट माणसांसाठी माझा आग्रह कायम आहे. कारने येणारी मंडळी मी बघितलीत, बंधाऱ्याजवळ गाडी लावायची, दारं आपटायची, स्पीकर चालू, सेल्फी झाला की वीस मिनिटांत पुढं. तेवढ्यात जवळचे पक्षी उठून लांब जाऊन बसतात. बसने गेलेल्या माणसाला परतीची गाडी येईपर्यंत घाईच नसते, तो झाडाखाली बसून राहतो आणि पाणपक्षी बघायला नेमकं तेच लागतं, बसून राहणं. अर्ध्या दिवसात उरकायची ती जागाच नाही हो. 1974 पासून अभयारण्य आहे ते, तिथं पाहुणे आपण.

फुकट तिकिटाचं म्हणाल तर हो, त्याचं मला कौतुक आहे आणि मी ते लपवत नाही. जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना साध्या बसचं शून्याचं तिकीट मिळतं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका, ज्यांनी लग्नानंतर माहेर आणि सौंदत्तीची जत्रा सोडून कुठं पाऊल टाकलं नव्हतं, त्या आता डबा बांधून पोरांना घेऊन गोकाकला जाऊन येतात. त्यांना "कार काढा" म्हणणारा लेख लिहून काय उपयोग? गडहिंग्लज, चंदगडच्या वाचक बायकांनी मात्र लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या आधारवर हे चालत नाही, तिकीट काढावं लागतं.

शेवटी तुमच्या कामाचं. निपाणीहून तुम्ही बेळगावला येऊन गोकाक गाडी धरलीत, तो उलटा वळसा झाला. संकेश्वरला उतरायचं आणि हुक्केरीवरून गोकाककडं जाणारी गाडी धरायची, ती धुपदाळजवळच्या घटप्रभा गावावरूनच जाते, गोकाकपर्यंत जायचं कारणच नाही. बोर्ड कानडीत असतात म्हणून गाडी चुकायची भीती वाटते म्हणालात, तर कंडक्टरला सरळ विचारा "घटप्रभा होगतैतेन्री?" (घटप्रभेला जाते का?), आणि उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे "लास्ट बस एष्ट गंटेक ऐतरी?" (शेवटची बस किती वाजता आहे?) हे स्टँडवरच्या दोघातिघांना विचारून मगच पाण्याकडं चाला. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेची गाड्यांना झुंबड असते. जानेवारीतला मधला वार बघा, रविवार नको, आणि पोरांची परीक्षा संपायची वाट बघत बसू नका, मार्च लागला की करकोचे परतीला लागतात.