बुडबुड्यांची बाटली

आज ऑफिसात जेवताना एक मैत्रीण तिच्या मुलीबद्दल सांगत होती. मुलगी 21 महिन्यांची. हाक मारली तर वळत नाही, बोट करून काही दाखवत नाही, चारपाच शब्द यायचे तेही गेले. ऑटिझम (स्वमग्नता) तर नाही ना, या तपासणीची तारीख मिळालीय आठ महिन्यांनंतरची. मी म्हटलं, तोवर व्हिडिओ कॉलवर कुणा तज्ज्ञाला दाखव ना. तर समोरचे एक गृहस्थ म्हणाले, "ऑटिझम काय फोनवर कळतो? सर्दी-खोकला आहे का तो?" आणि हसले. मैत्रिणीने मान खाली घातली. तेव्हा मी गप्प बसले, त्याचाच राग येतोय, म्हणून इथे लिहितेय.

कळतो. माझ्या डोळ्यांदेखत कळलाय.

माझा भाचा तेव्हा 22 महिन्यांचा होता. बहिणीला शंका होती आणि घरातल्या झाडून सगळ्यांनी तिला गप्प केलं होतं. "मुलगे उशिराच बोलतात." "याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर अवाक्षर बोलला नव्हता." आणि सगळ्यात संतापजनक, "तू फार गूगल करतेस." कान तपासून झाले, ऐकू उत्तम येत होतं. मग एका दवाखान्यात नेलं. दीड तास बाहेर बसवलं. आत गेल्यावर ते भगभगीत दिवे, तो वास, अनोळखी माणसं... पोरगं जे रडायला लागलं ते थांबेचना. डॉक्टरांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही, सहा महिन्यांनी आणा. किंचाळणाऱ्या मुलात त्यांना तरी काय दिसणार? त्यांचा दोष नाही. (आहे. थोडा आहेच.)

मग कुणीतरी व्हिडिओ कॉलवर बघणारी डॉक्टर सुचवली. बहीण जमिनीवर बसली, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला, मी भिंतीला चिकटून, तोंडातून शब्द काढायचा नाही अशी ताकीद. पलीकडून डॉक्टर शांतपणे एकेक सांगत होती. त्याचं त्याला खेळू द्या. आता मागून हाक मारा, हात लावू नका. परत मारा. आता बुडबुडे उडवा. आता झाकण घट्ट लावा, बाटली त्याच्याकडे द्या आणि नुसत्या बसा.

त्याने बाटली दोनचारदा फिरवली. मग बहिणीचं मनगट धरून तिचा हात झाकणावर नेऊन ठेवला. आपण पक्कड उचलून लावतो ना, तस्सा. तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. हे आम्ही रोज बघत होतो हो! "कसा बरोबर काम करून घेतो" म्हणून वर कौतुकही करत होतो.

डॉक्टर एवढंच म्हणाली, "हे बघितलंत?" ऑटिझमची एक खूण हीच होती.

आता त्या हसणाऱ्या गृहस्थांसाठी. हा काही कुणाच्या डोक्यातून निघालेला जुगाड नाही. अमेरिकेतल्या वँडरबिल्ट विद्यापीठात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेली-एएसडी-पेड्स' नावाची पद्धत बसवलीय. खेळ आईबापच घेतात, तज्ज्ञ पडद्यावरून बघून सात गोष्टींना गुण देतो: नजर, आवाज, हावभाव, तेच तेच खेळणं वगैरे. कोविडमध्ये मास्क लावून नेहमीची समोरासमोरची चाचणी धड होईना, तेव्हा हिचा वापर वाढला. आणि 'एम-चॅट' ही ऑटिझमची प्राथमिक चाळणी तर नुसते 20 प्रश्न आहेत, आईबापांना विचारायचे, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी, हो-नाही उत्तरांचे. त्याने निदान होत नाही, पण पुढे जायचं की नाही ते तरी कळतं. अनुभवी माणसाने दोन वर्षांच्या मुलाचं केलेलं निदान भरवशाचं असतं. तरी खुद्द अमेरिकेतही निदानाचं वय चारच्या आसपासच घुटमळतंय. मधली दोन वर्षं कुठे जातात? रांगेत जातात. "थांबा, बोलेल" मध्ये जातात.

हो, मान्य, प्रत्येक मुलाचं फोनवर नक्की सांगता येत नाही. लक्षणं पुसट असली की समोर बसूनच बघावं लागतं, आणि नेट गेलं की सगळंच बोंबललं. चांगली डॉक्टर हे आपणहून सांगते. आमच्या वेळी कॉल दोनदा तुटला होता, घ्या. पण भाचा त्याच्या घरात, त्याच्या सतरंजीवर, स्वतःसारखा होता. दवाखान्यात तो फक्त घाबरलेला होता.

लिहिता लिहिता राग उतरला जरा. त्या कॉलच्या शेवटी बहिणीने विचारलं होतं, "माझं काही चुकलं का?" एके काळी डॉक्टरच आयांच्या कोरडेपणावर याचं खापर फोडायचे, आणि ते भूत अजून मानगुटीवरून उतरलेलं नाही. डॉक्टर म्हणाली, "नाही. आणि आजपासून काय करायचं ते मी सांगते." आजपासून! सहा महिन्यांनी नाही. त्या आठवड्यात थेरपी सुरू झाली, तीही निम्मी व्हिडिओवरच. हल्ली बाटली उघडत नसेल तर तो आधी बहिणीकडे बघतो. दर वेळी नाही.

आज दुपारी त्या मैत्रिणीची मान खाली गेली ती काही डोळ्यांसमोरून हलत नाहीये. सकाळी तिला फोन करणार आहे. आठ महिन्यांनंतरची तारीख रद्द करू नकोस म्हणावं, ती राहू दे. नंबर पाठवते. आणि बुडबुड्यांची एक बाटली आणून ठेव, झाकण घट्ट लावून.