अमेरिकेत शेती करायचीय? मग आधी नातेवाईक मोजा

अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात शेतकरी व्हायचं ठरवलंय ना? उत्तम. ट्रॅक्टरचा भाव नंतर काढा. आधी काउंटीच्या (आपल्याकडचा जिल्हा म्हणा) फार्म सर्व्हिस एजन्सीत, म्हणजे सरकारी शेती कार्यालयात जा आणि जमिनीला 'बेस एकर' किती ते विचारा. त्या रानात पूर्वी कधी काय पिकत होतं, त्याची ही सरकारी नोंद. अनुदान या नोंदीवर मिळतं, यंदाच्या पेऱ्यावर नाही. बेस मक्याचा असेल तर खुशाल सोयाबीन पेरा, मक्याचे पैसे मक्याच्याच नावाने येतील. टेक्सासात जुन्या भातखाचरांवर घरं उठली, तरी परसाच्या नावाने भाताचे पैसे येत होते. २००६ मध्ये हे पेपरात छापून आलं. ती थेट रकमेची योजना २०१४ मध्ये बंद झाली. बेस शाबूत आहे.

भाजीपाल्याच्या नादी मात्र लागू नका. बेसच्या १५ टक्क्यांपलीकडे टोमॅटो-कोबी गेला की अनुदानाला कात्री. माणसाने तोडून थेट खावं असं काही पिकवणं हा इथे बेशिस्तपणा.

आता योजना निवडा. पहिलीत कायद्याने ठरवलेली संदर्भ किंमत आणि पडलेला बाजारभाव यांतला फरक मिळतो. बेस १,००० एकर, कागदावरचा उतारा एकरी १५० बुशेल (धान्याचं तिथलं माप), बुशेलमागे फरक ४० सेंट धरा. मोजतात ८५ टक्केच एकर, म्हणजे ५१,००० डॉलर. घाईने उधारी करू नका: पैसे पिकाच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबरात येतात. दुसरी योजना काउंटीच्या सरासरी उत्पन्नावर चालते. तुमचं पीक जोमात आणि काउंटी बुडाली, तर पैसे तुम्हाला. गारपिटीने तुम्ही एकटेच झोपलात आणि काउंटी तरली, तर काही नाही. तेव्हा शेजाऱ्याचं वाईट चिंतताना सबंध काउंटीचं चिंता. काउंटीही पारखून घ्या. २०१९ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध चालू होतं तेव्हा भरपाईचा दर काउंटीगणिक एकरी १५ ते १५० डॉलर होता. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे माती तीच, चेक वेगळा.

मुख्य काम पुढेच आहे. अनुदानाला माणशी वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा होती, २०२५ च्या पिकापासून ती १,५५,००० झाली. मर्यादा माणशी, म्हणून माणसं वाढवा. साधी भागीदारी करा: जितके पात्र भागीदार, तितक्या मर्यादा. बायकोचं नाव घालाच. २०१८ च्या कायद्याने चुलत-मावस भावंडं, पुतणे, भाचे हेही 'शेतकरी कुटुंबात' आले. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारस चढवताना डोकी फुटतात, इथे ते हौसेने चढवावेत. फक्त भाच्याला 'मजूर' लिहू नका, वर्षाला १,००० तास किंवा लागणाऱ्या कामातलं निम्मं भरावं लागेल. 'व्यवस्थापन' लिहा. घरच्यांच्या भागीदारीत व्यवस्थापनाचे तास मोजत नाहीत, आणि ते फोनवरूनही होतं. तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरवर गेलं, तर मात्र दार बंद. गरजूपणाची रेषा तिथे आखली आहे.

तरीही मर्यादा टोचत असेल तर भुईमूग आहे. त्याला स्वतंत्र मर्यादा. मक्याचा रकाना भरला की शेंगांचा उघडा. शेंगांचा बेस मात्र हवा.

विम्याला तर मर्यादाच नाही, उत्पन्नाची अटही नाही. साठ टक्क्यांच्या आसपास हप्ता सरकार भरतं, आणि जितके एकर जास्त तितकी मदत मोठी. बहुतेक मका-सोयाबीन काउंट्यांत १५ मार्चच्या आत विमा घ्या, १५ जुलैच्या आत पेऱ्याची नोंद करा. पाऊस लांबून पेरणीच हुकली, तर शेवटच्या पेरणी तारखेनंतर ७२ तासांत एजंटाला कळवा. असं न पेरलेलं रान किमान २० एकर किंवा विमा घेतलेल्या क्षेत्राच्या २० टक्के, यांतलं जे कमी असेल तितकं तरी हवं. न पेरलेल्या पिकाचेही पैसे मिळतात, पण चिल्लर पडीक चालत नाही.

रान खंडाने घेणार असाल तर रोखीने घ्या. वाट्याने घेतलं तर अनुदानातही मालकाचा वाटा निघतो. रोखीने घेतलं तर मालक पुढच्या साली खंड वाढवून ते काढून घेऊ शकतो, पण निदान फॉर्मवर नाव तुमचं एकट्याचं राहतं.