मेलंजन समाज आणि मागे राहिलेल्या पोर्तुगीज खलाशांची कथा

अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगरांत, टेनेसी राज्याच्या हॅनकॉक काउंटीतील न्यूमन्स रिज व त्याच्या पायथ्याचे व्हार्डी खोरे, शेजारचे नैऋत्य व्हर्जिनिया आणि पूर्व केंटकी या पट्ट्यात राहत आलेल्या मेलंजन (Melungeon) या मिश्रवंशीय समाजाविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्याचा आशय असा की, हे लोक सोळाव्या शतकात अमेरिकेच्या किनाऱ्यावर मागे राहिलेल्या पोर्तुगीज व तुर्की खलाशांचे वंशज आहेत. इंग्रजी बोलणारे वसाहतकार डोंगरात पोहोचले तेव्हा ते आधीच तिथे नांदत होते. डीएनए चाचण्यांनी हे सिद्ध झाले आहे. डोक्यामागचा हाडाचा उंचवटा आणि सहावे बोट या त्यांच्या वांशिक खुणा आहेत. आणि अब्राहम लिंकन व एल्विस प्रेस्ली हेही त्यांच्यातलेच होते.

खलाशांच्या कथेला दोन खऱ्या घटनांचा टेकू दिला जातो. 1586 मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक स्पॅनिश ठाणी लुटून आजच्या नॉर्थ कॅरोलिनातील रोअनोक बेटावर आला तेव्हा त्याच्या ताफ्यात स्पॅनिशांच्या कैदेतून सोडवलेले तुर्क व मूर (उत्तर आफ्रिकेतील मुसलमान) होते, हे खरे आहे. मात्र त्यांना त्याने तिथे उतरवले, असे दाखवणारा कागद नाही. उलट त्यांतील सुमारे 100 तुर्क इंग्लंडला पोहोचले आणि त्यांना मायदेशी पाठवण्याच्या खटपटीत इंग्लंडची प्रिव्ही कौन्सिल (राणीचे सल्लागार मंडळ) पडली, याची नोंद आहे. दुसरी घटना स्पॅनिश कप्तान हुआन पार्दोची. त्याने 1566 ते 1568 या काळात आजच्या कॅरोलिना-टेनेसी भागात लहान लहान किल्ले उभारले. ते 1568 मध्येच तिथल्या मूलनिवासींनी उद्ध्वस्त केले. त्यातून काही सैनिक वाचले असतील, असे गृहीत धरले, तरी ते आणि एकोणिसाव्या शतकातील न्यूमन्स रिजवरची कुटुंबे यांच्यामधल्या दोनशेहून अधिक वर्षांत दुवा म्हणून दाखवता येईल असे एकही नाव सापडत नाही.

‘आधीच तिथे होते’ हा दावा तर कर आणि जमिनीच्या नोंदींपुढे टिकतच नाही. कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, बंच ही या समाजातील ठळक आडनावे. या कुटुंबांचा माग अठराव्या शतकातील पूर्व व मध्य व्हर्जिनियातून नॉर्थ कॅरोलिनातील फ्लॅट रिव्हर, तिथून न्यू रिव्हर आणि 1800 च्या सुमारास न्यूमन्स रिज असा लागतो. म्हणजे इतर वसाहतकारांप्रमाणेच तेही पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत आले. या वाटेवरची एक नोंद फार बोलकी आहे. व्हर्जिनियात गोऱ्या स्त्रियांवर डोईकर नव्हता. स्वतंत्र कृष्णवर्णीय, मिश्रवंशीय व ‘इंडियन’ स्त्रियांवर मात्र 1723 च्या कायद्यानुसार तो होता. 1745 मध्ये लुईसा काउंटीच्या न्यायालयात कॉलिन्स, गिब्सन व बंच या आडनावांच्या पुरुषांवर करपात्र माणसे लपवल्याचा ठपका आला. ही लपवलेली माणसे म्हणजे बहुधा त्यांच्या बायका, असे अभ्यासक मानतात; तसे असेल, तर ही कुटुंबे तेव्हाच गोरी धरली जात नव्हती.

डीएनएविषयीचे विधान तर निष्कर्षाच्या नेमके उलट आहे. या समाजातील मूळ मानल्या गेलेल्या कुटुंबांवरील ज्या अभ्यासाची 2012 मध्ये बरीच चर्चा झाली, त्यात पितृवंश (बापाकडून मुलाकडे येणारी वंशरेषा) मुख्यतः सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतले व युरोपातले निघाले आणि मातृवंश (आईकडून येणारी वंशरेषा) युरोपीय निघाले. मूलनिवासी पितृवंश अपवादात्मक होता. आफ्रिकी पुरुष आणि गोऱ्या स्त्रिया यांची ही संतती स्वतंत्र कशी राहिली, याचे उत्तर व्हर्जिनियाच्या 1662 च्या कायद्यात आहे: मुलाचा दर्जा आईवरून ठरे, म्हणून स्वतंत्र गोऱ्या आईचे मूल गुलाम ठरत नसे. 1691 मध्ये कायद्याने आणखी पकड आवळली. अशा अविवाहित आईला 15 पौंड दंड किंवा पाच वर्षांची चाकरी, आणि मुलाला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत वेठबिगारी! तरीही ते मूल अखेर मोकळे होई, जमीन घेऊ शके, पश्चिमेकडे निघू शके.

शारीरिक खुणांबद्दल फार लिहायला नको. डोक्यामागचा उंचवटा आणि सहावे बोट जगातल्या कुठल्याही लोकसमूहात आढळते. लिंकन व प्रेस्ली यांना या समाजात बसवणारी विश्वासार्ह वंशावळही कोणी पुढे आणलेली नाही.

मग ‘आम्ही पोर्तुगीज’ असे हे लोक स्वतःच का सांगत आले? माझ्या मते साऱ्या प्रकरणातला विचार करण्याजोगा प्रश्न हाच आहे. टेनेसीच्या 1796 च्या संविधानाने स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुषांना दिलेला मताधिकार 1834 च्या संविधानाने काढून घेतला. 1840 च्या दशकात व्हार्डी कॉलिन्स आणि त्याच्या शेजाऱ्यांवर बेकायदा मतदान केल्याचे खटले भरले गेले. 1870 च्या दशकात चॅटनूगाच्या न्यायालयात एका मुलीचा वारसाहक्क तिची आई मेलंजन असल्यामुळे धोक्यात आला, कारण आईत आफ्रिकी रक्त ठरले असते तर गोऱ्या बापाशी झालेला विवाहच रद्द ठरला असता. तिचे वकील लुईस शेफर्ड यांनी मेलंजन लोकांचे मूळ थेट उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील प्राचीन कार्थेज नगरापर्यंत नेले, तिथून त्यांना पोर्तुगालमार्गे अमेरिकेत आणले आणि खटला जिंकला. सावळ्या रंगाला युरोपीय कारण दिले की मत, साक्ष, विवाह, जमीन हे सारे वाचत असे. अशा लोकांना थापाडे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पुढे व्हर्जिनियाचे जन्म-मृत्यू निबंधक वॉल्टर प्लेकर यांनी 1943 मध्ये गोरे किंवा ‘इंडियन’ म्हणवून घेणाऱ्या मिश्रवंशीय कुटुंबांच्या आडनावांची काउंटीवार यादी अधिकाऱ्यांना धाडली, त्या यादीपुढे मात्र पोर्तुगीज असल्याचा बचाव चालण्यासारखा नव्हता.

आजच्या मजकुरातील कथा त्या समाजाने जपलेली कथाही नाही. 1849 मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकाने छापलेल्या वर्णनात पोर्तुगीज साहसी लोक आहेत, पण ते व्हर्जिनियाच्या किनारी भागातून आलेले आहेत; ते आधी मूलनिवासींमध्ये आणि नंतर काळ्या व गोऱ्या लोकांमध्ये मिसळल्याचे तिथे स्पष्ट म्हटले आहे. तुर्कांचा त्यात उल्लेख नाही. तुर्की मुळांची मांडणी लोकप्रिय झाली ती 1990 च्या दशकात.

पोर्तुगालचा संबंध कुठे शोधायचाच असेल, तर तो 1619 मध्ये शोधावा. त्या वर्षी व्हर्जिनियाच्या पॉइंट कम्फर्टला विकले गेलेले आफ्रिकी लोक अंगोलाहून निघालेल्या पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून इंग्रज चाच्यांनी पळवलेले होते. पोर्तुगीज वखरींच्या परिसरात वाढलेले, काही बाप्तिस्मा झालेले असे लोक पुढच्या दशकांतही व्हर्जिनियात येत राहिले. मेलंजन पूर्वजांपैकी काही त्यांच्यातले असणे शक्य आहे, पण तसे ठरले तरी तो वारसा लिस्बनच्या खलाशांचा नसून अंगोलाच्या बंदिवानांचा ठरेल.