रीफ टाकीत मिठागरातलं मीठ? फिरत्या मेसेजला उत्तर

उन्हाळ्यात आगरांवर मिठाचे पांढरे ढीग दिसायला लागले की हा मेसेज दरवर्षी नव्याने फिरतो. सार असं: रीफ सॉल्टच्या (घरातल्या खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळ ठेवायच्या टाकीसाठी मिळणारं तयार मीठ) नावाखाली परदेशी कंपन्या लुटतात. मीठ शेवटी समुद्राचंच, तेव्हा उरण-पेणकडून जाड्या मिठाची गोणी आणा आणि लिटरला 35 ग्रॅम घाला. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी वाटलं तर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणि खायचा सोडा आहेच. पाणी घरच्या आरओचं चालतं, आणि मीठ काही नासत नाही, वर्षाचं भरून ठेवा. खाली शेपूट: "आमच्या ओळखीतल्या एकाची टाकी तीन वर्षं अशीच चालू आहे." हा ओळखीतला माणूस मला अजून भेटायचाय.

"मीठ शेवटी समुद्राचंच" या वाक्यातच सगळी गोम आहे. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरातून आणलेल्या पाण्याचे 77 नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले. 1884 साली त्यांनी दाखवलं की खारेपणा थोडा इकडेतिकडे असला, तरी खुल्या समुद्रात मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखंच असतं. मेसेज लिहिणाऱ्याने असंच काहीतरी वाचलेलं असावं. पण ही गोष्ट पाण्याची झाली. पाणी आटतं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत, नंबर लावून बसतात. पाणी साधारण निम्मं झालं की आधी कॅल्शियम कार्बोनेट. पाचव्या हिश्श्याच्या आसपास जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), म्हणजे उरलेल्यातलं बरंचसं कॅल्शियम. दहाव्या हिश्श्यावर आलं की मग आपलं सोडियम क्लोराइड धरायला लागतं.

आगरात हेच वाफ्यावाफ्यांतून होतं. जिप्सम आधीच्या वाफ्यांत बसतं, गाढ झालेलं पाणी पुढच्या वाफ्यात घेतात, तिथे मीठ धरतं, आणि उरलेलं कडू पाणी काढून टाकतात. ते राहिलं तर मीठ कडवट लागतं आणि ओल धरतं. मॅग्नेशियम, पोटॅशियम, ब्रोमाइड हे सगळं त्या कडू पाण्यात. कच्छात त्यातूनच ब्रोमीन काढायचा उद्योग चालतो. म्हणजे आगर जितकं निगुतीने चालवलेलं, तितकं त्याचं मीठ समुद्रापासून लांब.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. सुरुवातीला मीही एक दहा किलोची गोणी आणली होती. बादलीत 35 ग्रॅमच्या हिशेबाने मीठ विरघळवलं, रात्रभर पंप लावला. सकाळी पंप बंद केल्यावर तासाभरात तळाशी बोटाच्या पेराएवढा तपकिरी गाळ बसला. वरचं पाणी मात्र नितळ, खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर बरोब्बर 35. मला वाटलं, जमलं की! मग कॅल्शियमचं किट काढलं. नमुन्यात पावडर टाकली की तो गुलाबी होतो, आणि सिरिंजमधून थेंब थेंब सोडत तो निळा होईपर्यंत मोजायचं. टाकीच्या पाण्याला जवळजवळ सगळी सिरिंज लागते. इथे पाव सिरिंज संपायच्या आत निळं. आकडा आला 80 पीपीएम (दहा लाख भागांत 80 भाग). समुद्रात असतो 410 च्या आसपास. मॅग्नेशियम समुद्रात 1,290 च्या घरात असतं, त्याचं किट उघडायचेही कष्ट मी घेतले नाहीत. रिफ्रॅक्टोमीटरला फक्त एवढंच कळतं की पाण्यात काहीतरी विरघळलंय. काय विरघळलंय हे त्याला विचारू नका.

आता कुणी म्हणेल, मग स्वयंपाकघरातलं स्वच्छ पांढरं मीठ घेऊ. त्यात गाळ नसतो, पण कॅल्शियम-मॅग्नेशियमचं रडगाणं तेच. वर आयोडीन. ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत किमान 15 पीपीएम असावं असा नियम आहे. लिटरला 35 ग्रॅम घातलंत तर झालं लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम, समुद्रातल्याच्या आठपट.

"कमी पडेल ते वरून टाका." हा मुद्दा मला खरं तर आवडतो, कारण तो तत्त्वतः खरा आहे. शुद्ध रसायनं एकेक तोलून कृत्रिम समुद्रजल करायची कृती लायमन आणि फ्लेमिंग या समुद्रशास्त्रज्ञांनी 1940 सालीच दिली होती, प्रयोगशाळांत आजही तशा कृती वापरतात. फरक तोलण्यात आणि शुद्धतेत आहे. मेसेजमधला एप्समचा सल्ला कागदावर करून बघा. एप्सममध्ये मॅग्नेशियम जेमतेम दहा टक्के. 1,290 गाठायला लिटरला 13 ग्रॅम घालावं लागेल. त्याबरोबर सल्फेट येतं 5,100 पीपीएम. समुद्रात असतं 2,700. मॅग्नेशियमची भोकं बुजवताना सल्फेट दुप्पट झालं, आणि एकूण खारेपणा वाढला म्हणून मूळ मीठ कमी करावं लागलं ते निराळंच. हे टाळायला मॅग्नेशियमचा मोठा भाग मॅग्नेशियम क्लोराइडमधून द्यावा लागतो. मग कॅल्शियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, स्ट्रॉन्शियम, बोरॉन... इथपर्यंत आलात की तुम्ही घरी रीफ सॉल्टच बनवताय, फक्त खताच्या दुकानातल्या मालातून. त्या मालात आणखी काय आहे ते पिशवीवर छापलेलं नसतं. द्राक्षबागेला चालतं ते सगळं कोळंबीला चालेलच असं नाही.

"मग सरळ समुद्राचं पाणीच आणा" असंही मेसेजच्या एका आवृत्तीत आहे. मालवणला राहत असाल, ओळखीचा होडीवाला किनाऱ्यापासून लांबचं पाणी आणून देत असेल, तर जरूर. मुंबईत चौपाटीवरून कॅन भरून आणणाऱ्याने आधी त्या चौपाटीत कुठला नाला येतो ते बघावं. पावसाळ्यात तर खाडीच्या तोंडाशी खारेपणाचाही भरवसा नाही.

आरओच्या पाण्याबद्दल. इथे बरेच जाणकारही फसतात. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मीटर लावलं की 60-80 दिसतं. आपल्याला हवा शून्य. कंट्रोलर पूर्ण बंद करून पुढे डीआय रेझिनचं (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारं) नळकांडं जोडा, नाहीतर शेवाळाला दोष देत आणि मिठाच्या कंपनीला शिव्या देत बसाल.

"मीठ नासत नाही." साधं मीठ नाही नासत. मिश्रणात मात्र मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं असतात, ती हवेतलं पाणी ओढतात. कोकणातल्या जुलैत झाकण नीट न लावलेली बादली आठवड्याभरात दगड होते. नुसता दगड झाला असता तर फोडून वापरला असता. पण ओलीत कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकमेकांना गाठतात, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, आणि ते पाण्यात परत विरघळत नाही. पाणी दुधाळ राहतं, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा, घसरते. मी बादली आणली की लगेच दोन-दोन किलोच्या जाड पिशव्या बांधतो. त्याआधी बादली आडवी करून लोळवायची, कारण वाहतुकीत बारीक दाणे खाली गेलेले असतात. मोजायला कप नको, काटा घ्या.

राहिला लुटीचा मुद्दा. यात मेसेज अर्धा बरोबर आहे, हे कबूल करायला हवं. महाग म्हणजे चांगलं असं अजिबात नाही. एकाच कंपनीच्या दोन बादल्या घ्या: रेड सी कंपनीचं साधं मीठ 35 खारेपणाला 8 डीकेएचच्या (अल्कलिनिटी मोजायचं एकक) आसपास बसतं, कोरल प्रो 12 च्या. दुसरं "वरचं" नाही, ते कडक प्रवाळांच्या भरभर वाढीसाठी आहे. आणि कडक प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा घरी काय ठेवताय ते आधी तपासा. माझ्या टाकीत मश्रूम आणि झोआ हे मऊ प्रवाळ आहेत. त्यांना 8 भरपूर. टाकी 8 वर असताना 12 चं पाणी दहा टक्के बदललं तर 8.4 होतं, कुणाला कळतही नाही. गडबडीत अर्धं पाणी बदललंत तर थेट 10, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिटून बसलेले.

हिशेबही मांडू. शंभर लिटरची टाकी, आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं, लिटरला सुमारे 38 ग्रॅम मिश्रण. 22 किलोच्या बादलीत सहाशे लिटरच्या आसपास पाणी होतं, म्हणजे एक बादली वर्षभर पुरून उरते. टाकीवरच्या दिव्याचं वर्षाचं बिल काढा आणि शेजारी ठेवून बघा. फक्त मासे ठेवत असाल तर सगळ्यात स्वस्त सागरी मिश्रण घ्या, काही बिघडत नाही.

माझी ती गोणी वाया गेली नाही. गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशला पांढरे ठिपके आले तेव्हा त्यातलं थोडं धुऊन वापरलं, उतारही पडला. बाकीचं आईने निवडलं, कढईत भाजून घेतलं आणि त्या वर्षीच्या कैरीच्या लोणच्याला घातलं.