काहानचा शब्द आणि मर्रींची सरदारकी

बलुच टोळ्यांविषयी काहीही वाचायला घ्या, 'सरदारांची सरंजामी मनमानी' हे शब्द ठरलेले असतात. निदान पाकिस्तानातल्या बलुचिस्तानच्या मर्री या बलुच जमातीच्या बाबतीत तरी मला हे साफ अमान्य आहे. ही मनमानी जिथे आली, तिथे ती कुणी आणली हेही सांगायला हवं.

आधी रचना बघा. कोहलू आणि काहान हा त्यांचा डोंगराळ मुलुख. सगळी जमात मिळून एक तुमन. तिचे तीन मोठे भाग: गझनी, लोहारानी, बिजारानी. भागाचा प्रमुख वडेरा, त्याखालच्या कुळांचे मुकद्दम (आपला 'मुकादम' याच शब्दातून आलेला). सरदार गझनींमधल्या बहावलानझई घराण्यातला. पद घराण्यात चालतं हे खरं, पण वडेरे पाठीशी नसतील तर नुसत्या पगडीला कोण विचारतो? सरदाराचं मुख्य काम निवाड्याचं. खुनाचं वैर मिटवायचं तर अपराध्याच्या बाजूने वडीलधारी माणसं माफी मागायला समोरच्याच्या दारात जातात, त्याला 'मेड' म्हणतात. त्यात ठरलेली भरपाई दोन्ही बाजूंना मान्य व्हावी लागते. नाही झाली, तर वैर पुन्हा पेटतं आणि सरदाराची पत जाते.

शेतजमिनीचं तर आपल्याकडच्या सातबारावाल्यांना नवलच वाटेल. जमातीची सामायिक जमीन दर 10 वर्षांनी पुरुषांच्या डोक्यांप्रमाणे नव्याने वाटायची जुनी रीत. अशा व्यवस्थेत पिढीजात जमीनदार तयार व्हायचा कसा? तोटाही उघड आहे: जो तुकडा पुढे दुसऱ्याकडे जाणार, त्यावर पक्का बांध घालायला कोण मेहनत घेईल?

आता 1840. मे महिन्यात ब्रिटिशांचा कॅप्टन लुइस ब्राऊन 5व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे सुमारे 300 शिपाई घेऊन काहानच्या गढीत शिरला आणि अडकला. हीच पलटण आज मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, 'काली पांचवी'. काहान हा तिचा युद्धसन्मान. 31 ऑगस्टला सुटकेला आलेली मेजर क्लिबॉर्नची तुकडी नफुस्क घाटात आधी लढाईने आणि मग तहानेने मोडली. मर्री जिंकले होते आणि गढीतले शिपाई अर्धपोटी, आजारी होते. अशा वेळी सरदार दोदा खानाने गढी सोडण्याच्या बदल्यात सुरक्षित वाट देण्याचा करार केला. 28 सप्टेंबरला ती माणसं निघाली आणि डोंगर उतरून पुलाजीला पोचली. विजयाच्या भरातली टोळी एका माणसाच्या शब्दावर हात आवरते, याला मी नेतृत्व म्हणतो.

घोटाळा पुढे झाला. 1876च्या मस्तुंग करारानंतर ब्रिटिश अधिकारी सँडेमनने सरदारांना तनखा आणि लेव्ही (टोळीतूनच भरलेल्या) शिपायांच्या नेमणुका देऊन बांधून घेतलं. शांतता राखायची जबाबदारी सरदाराची, पैसा सरकारचा. मग खालच्यांना खूश ठेवायची गरज उरली कुठे? तरी 1918 साली पहिल्या महायुद्धासाठी माणसं मागितल्यावर मर्रींनी साफ नकार देऊन गुंबझच्या ब्रिटिश ठाण्यावर हल्ला केलाच. 1976 साली पाकिस्तानचे पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंनी कायद्याने सरदारी रद्द केली. ती कागदावरच राहिली, कारण भांडण घेऊन जायला लोकांना दुसरं विश्वासाचं दार नव्हतं.

मर्रींचे सरदार खैर बख्श मर्री 2014 साली कराचीत वारले. मुलांच्या वाटा तोवर फुटल्या होत्या: एक प्रांताच्या सत्तेत, काही परदेशातून आझादी मागणारे. दफन कोहलूत करायचं अशी घरातल्या काहींची इच्छा होती. लोकांनी पार्थिव क्वेट्ट्याजवळच्या न्यू काहान या मर्री वस्तीत नेलं.