चौकशीला पाहुणे आले, तर काय सांगाल?

'आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको,' असं बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या २०व्या अध्यायात आहे. दहा आज्ञांमध्ये बहुतेक प्रॉटेस्टंट तिला नववी मोजतात, कॅथलिक आठवी. तुम्ही कशीही मोजा, पण घाबरू नका. तासगावच्या चौकात चहा पिताना कोण शपथ घेतंय?

समजा, शेजारच्या पोराचं स्थळ बघायला कवठेमहांकाळचे पाहुणे आलेत आणि चौकशीला तुमच्याच ओट्यावर टेकलेत. पोरगं वाईट आहे, असं चुकूनही म्हणायचं नाही. तोंडभर कौतुक करा. "पोरगं गुणी हो. बाग झकास. बाप तर देवमाणूस. पण..." इथं चहाचा घोट घ्या. 'पण काय?' असं ते विचारणारच. "जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय!" बास. मणेराजुरी येईस्तोवर दारू, उधारी आणि पुण्यातली कुठलीशी मुलगी, सगळं पाहुणेच रचतील. तुम्ही खोटं एक अक्षर बोलला नाहीत. फक्त निघताना दारापर्यंत जाऊन सांगा, "माझं नाव तेवढं कुठं घेऊ नका."

बागेवरनं आठवलं. बायबलातल्याच अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. वडिलोपार्जित जमीन म्हणून नाबोथ देईना. मग राणी ईजबेलनं उपवास पुकारला, लोक जमवले, दोन नालायक समोर बसवले. यानं देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले, असं ते बोलले. गावानं नाबोथाला धोंडमार करून मारलं, मळा राजाला. किती हा खटाटोप! 'नाबोथाच्या सातबाऱ्यावर बोजा आहे म्हणे,' एवढंच ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर सोसायटीत कुजबुजलं असतं, तर औषधवाल्यानं उधारी बंद केली असती आणि मळा आपसूक विकायला निघाला असता. धोंडेसुद्धा उचलायला नकोत.

खोट्या साक्षीदारानं दुसऱ्याचं जे करायचं योजलं, तेच त्याचं करा, असं बायबलच्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या १९व्या अध्यायात आहे. हे पाहुण्यांसमोर काढू नका.

आपल्याकडं १ जुलै २०२४ पासून बदनामीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागतं, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. उपरोधानं केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असं त्याच्या स्पष्टीकरणात आहे. तेव्हा असले लेख लिहायच्या भानगडीत पडू नका, ओट्यावरच बरं. 'पण' म्हणून माणूस चहा प्यायला, हे फिर्यादीत कसं लिहिणार?